उज्जैनची भूतदया आणि आमचे सबनीस डॉक्टर

किस्से साचतात ते शेणासारखे. सकाळी गोठा साफ केला, पाणी मारलं, हात धुतले, म्हटलं झालं. संध्याकाळी पाहावं तर पुन्हा ढीग! शेणाच्या निदान गोवऱ्या थापता येतात. किश्शांचं काय करायचं? डोक्यात पडून राहतात आणि वास मारतात. म्हणून काढून टाकतोय. नाक धरायचं असेल त्याने धरावं.

परवा टावर चौकात चहाला बसलो होतो. शेजारी एक पोरगी कुत्र्याला कडेवर घेऊन उभी. कुत्र्याच्या अंगात स्वेटर! मी विचारलं, "बेटी, इसको क्या हुआ?"

म्हणे, "अंकल, डॉक्टर ने बोला है, डिप्रेशन है."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. आमच्या वेळी ढोरांच्या दवाखान्यात जे जनावर यायचं ते अर्धं मेलेलंच यायचं. डिप्रेशन डॉक्टरला यायचं!

मी गणपत मोरे. बाप ग्वाल्हेर संस्थानच्या पागेत मोतद्दार होता, म्हणजे सरकारी घोड्यांना खरारा करायचा आणि त्यांच्या लाथा खायचा. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो, मग मास्तरने मला सोडलं आणि मी मास्तरला. देवास गेटजवळच्या सरकारी ढोर-दवाखान्यात ड्रेसर म्हणून चिकटलो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाचं शिंग धरून उभं राहायचं. म्हणजे बाप खायचा त्या लाथा घोड्याच्या, मी खाल्ल्या त्या बैलाच्या. खानदानाची एवढीच प्रगती! लिहिण्यात चुका असतील, मराठीत हिंदी घुसली असेल. पुण्याच्या पाहुण्यांना नाकं मुरडायची तर खुशाल मुरडा. आम्ही इथे पिढ्यान् पिढ्या असंच बोलतोय.

आमचे डॉक्टर होते सबनीस. मुंबईच्या कॉलेजात शिकलेले, अंगाने काटकुळे, तपकीर ओढणारे, तोंडाने फटकळ. त्यांचं म्हणणं एकच. जनावराला बोलता येत नाही, तेव्हा त्याच्या वतीने डॉक्टरने बोललं पाहिजे. बोला ना! कोण नको म्हणतंय? पण जरा हळू बोला! एक वेळ सोडली, तर ते काही त्यांना मरेपर्यंत जमलं नाही.

त्यांची बायको फ्रीगंजच्या मराठी शाळेत मास्तरीण. दोन मुली त्याच शाळेत. म्हणजे डॉक्टरांची बदली झाली की संसाराचे दोन तुकडे. आणि बदली करवायचीच असा पण एका माणसाने केला होता. शेठ बाबूलालजी. कापडाचे मोठे व्यापारी आणि शहराच्या जीवदया मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे दोघंही जनावरांच्याच बाजूचे! तरी वैर. ते कसं पडलं ते आधी सांगतो.

* * *

पहिला पंधरा ऑगस्ट. शेठजींच्या मनात आलं, माणसं स्वतंत्र झाली तर पाखरांनी काय घोडं मारलंय? पाखरं धरून विकणाऱ्या एका चिडीमाराकडून पिंजरेच्या पिंजरे भरून पोपट घेतले. जुलूस काढला, बँड लावला आणि मिरवत मिरवत आले आमच्या दवाखान्यासमोरच्या मैदानात. डॉक्टरांना पाहुणे म्हणून खुर्ची.

डॉक्टरांनी एका पिंजऱ्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "शेठजी, इनके पंख कटे हुए हैं."

शेठजींनी कपाळाला आठी घातली. "डाक्टर साब, आज के दिन अपशकुन मत बोलिए."

पिंजरे उघडले. शेठजींनी दोन्ही हात वर केले. बँडवाल्याने गाल फुगवून जोर लावला. सगळ्या पब्लिकने आकाशाकडे मान वर केली.

आकाशात काही नाही!

खाली पाहिलं, तर पोपट रांगेने चालत निघालेले. वरातीला उशीर झाल्यासारखे, डुलत डुलत. एक तर शेठजींच्या जोड्यावर चढून बसला आणि उतरेना.

सबनीस खुर्चीतून मोठ्याने म्हणाले, "वा शेठजी! पैदल आज़ादी!"

बँडवाल्याला हसू फुटलं आणि त्याच्या तुतारीतून जो आवाज निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. पब्लिक लोळली. चिडीमार जुलूसच्या मागेच होता, रिकामं पोतं घेऊन. एकेक पोपट उचलून पोत्यात. संध्याकाळी तेच पोपट गोपाळ मंदिराच्या बाजारात, आणि हा ओरडतोय, "आज़ाद तोते ले लो! शेठजी के हाथ के छूटे हुए!"

शेठजींनी त्याच दिवशी चार लोकांसमोर बोलून दाखवलं, "इस डाक्टर को उज्जैन से न हटाया तो नाम बदल देना."

* * *

टांग्याला चारच सवाऱ्या हा नियम कागदावर आधीपासून होता. सबनीसांनी तो रस्त्यावर आणला. गळ्यात शिटी अडकवून देवास गेटला उभे राहायचे. टांगा दिसला की शिटी! सवाऱ्या मोजायच्या आणि जास्तीची खाली उतरवायची. नवरा टांग्यात, बायको रस्त्यावर, असे किती संसार त्यांनी तिथे फोडले!

एकदा रहमत मियाँचा टांगा आला. रहमत मियाँ म्हणजे आमच्या दवाखान्याचं रोजचं गिऱ्हाईक. त्याची घोडी चमेली, नावाप्रमाणेच हलकी. टांगा असा मागे कललेला की दांड्या आभाळात आणि चमेलीचे पुढचे पाय जमिनीला लागतात न लागतात.

शिटी!

रहमत मियाँने हात जोडले. "हुज़ूर, कानून चार का है. मेरे पास तो एक ही सवारी है!"

खरंच एकच होती. रामघाटावरचे एक पंडाजी. पण काय सांगू! श्राद्धाच्या खिरीवर पिढ्यान् पिढ्या जोपासलेला देह. मागची बैठक पूर्ण भरून दोन्ही बाजूंनी उतू चाललेला. सबनीसांनी टांग्याभोवती एक चक्कर मारली. चिमूटभर तपकीर ओढली. चमेलीकडे पाहिलं, पंडाजींकडे पाहिलं.

"इनको दो फेरे में ले जाओ."

पंडाजींनी तिथल्या तिथे शाप दिला. तो काही लागला नाही. मग ते शेठजींकडे गेले, आणि डॉक्टर ब्राह्मणांचा अपमान करतो अशी तक्रार वर गेली. शाप स्वस्त होता!

* * *

बैलांना खच्ची करायची जुनी रीत सांगत नाही. कोणी जेवून बसलं असेल. दोन दगड लागायचे, एवढंच समजून घ्या. डॉक्टर म्हणायचे, ही कसाईगिरी बंद झाली पाहिजे. त्यांनी लांब दांड्यांचा चिमटा मागवला. आधी सुन्न करायचं, मग वरून दाबायचं. रक्त नाही, आरडाओरड नाही, बैल रवंथ करत उभा.

बडनगरच्या रस्त्यावर एका गावात गेलो. पटेल मिशीला पीळ देत खाटेवर बसलेला, भोवती सगळं गाव. डॉक्टरांनी काम केलं आणि म्हणाले, "हो गया."

पटेल म्हणाला, "क्या हो गया?"

"खस्सी हो गया."

"खून?"

"नहीं निकलता."

"चिल्लाया भी नहीं!"

"दर्द ही नहीं हुआ, तो चिल्लाएगा क्यों?"

पटेलाने गावाकडे पाहिलं, गावाने पटेलाकडे. मग पटेल डोळे बारीक करून म्हणाला, "डागदर साब, हमें गँवार समझा है? जिसका जाए वो चिल्लाए भी नहीं?"

डॉक्टरांनी चिमटा दाखवला, शीर कशी दबते ते सांगितलं, बोटांनी चित्र काढलं. काही उपयोग नाही. उलट लोक दगड शोधायला निघाले. तेव्हा डॉक्टर माझ्या कानाशी आले. म्हणाले, "गणपत, मी पुन्हा नुसता चिमटा लावतो. तू ओरड."

"मी?"

"मग कोण, मी?"

मी बैलाच्या मागे वाकलो आणि अशी बोंब ठोकली की झाडावरचे बगळे उडाले. पटेल खूश! मांडीवर थाप मारून म्हणाला, "हाँ, अब लगा कुछ काम हुआ!"

पुढचे पंधरा बैल मीच ओरडून खच्ची केले. घसा बसला. त्याच सुमारास माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलीचा मामा नेमका त्या गावात पटवारी. त्याला कोणीतरी सांगितलं की त्या दिवशी डॉक्टरचा चिमटा चुकून ड्रेसरला लागला. लग्न वर्षभर अडलं! पुढे मला चार मुलगे झाले, तेव्हा कुठे त्या मामाने तोंड दाखवलं.

* * *

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या तक्रारी झाल्या, मग डॉक्टर टिकले कसे?

त्याचं श्रेय सरकारला. संस्थान गेलं, मध्यभारत आला. आणि मध्यभारताला राजधान्या दोन! काही महिने कारभार ग्वाल्हेरला, काही महिने इंदूरला. शेठजींची तक्रार ग्वाल्हेरला पोहोचायची तेव्हा साहेब लोक इंदूरला गेलेले. तक्रार त्यांच्या मागे इंदूरला जायची तोवर ते बिस्तरे बांधून ग्वाल्हेरला. शेठजी स्वतः एकदा तक्रारीच्या मागे गेले. भोपाळला गाडी बदलताना त्यांना कळलं की फाइल समोरच्या गाडीने उलट्या दिशेला चाललीय!

सबनीस म्हणायचे, "गणपत, माझी नोकरी माझ्या डिग्रीवर नाही चालू. रेल्वेच्या टाइमटेबलवर चालू आहे."

मग मध्यप्रदेश झाला. राजधानी एकच, भोपाळ. त्या दिवशी सगळ्या हाफिसांत पेढे वाटले. सबनीसांनी पेढा हातात घेतला आणि बराच वेळ नुसता पाहत बसले.

* * *

शेठजींच्या घरी एक दुभती गाय होती. शेठाणीबाई फार भाविक. बछबारसेला गाय-वासराची पूजा करायची, उपास धरायचा. पहाटे अंघोळ करून ताट घेऊन गोठ्यात गेल्या. गाईला कुंकू लावलं, वासराला लावलं. वासराच्या तोंडापुढे हिरवा चारा धरला. खाईना. गूळ धरला. चाटेना. पाठीवरून हात फिरवला, कान हलवेना. बाई घाबरल्या. सणाच्या दिवशी वासरू आजारी! गडी धावत दवाखान्यात.

डॉक्टर म्हणाले, "चल गणपत, वैर वैराच्या जागी." गेलो.

गोठ्यात अंधार. शेठजी काळजीत उभे, बाईंच्या डोळ्यांत पाणी. "डाक्टर साब, बछड़ा बहुत सुस्त है. कुछ खाता ही नहीं."

डॉक्टरांनी वासराच्या पोटाला नळी लावून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग टिचकी मारली. ठक! ठक! त्यांनी वासराला एका हाताने उचललं आणि उलटं केलं. पोटाला सुतळीची शिवण. आतून भुसा सांडला.

झालं असं होतं की दूध काढणाऱ्या गवळ्याने वासराला कधीच दूध पुरू दिलं नव्हतं. ते मेलं. वासरू दिसल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, म्हणून गवळ्याने त्याचं कातडं सोलून भुसा भरून उभं केलं. गाय रोज त्याला चाटत होती आणि शेठजी रोज दूध पीत होते. जीवदया मंडळाच्या अध्यक्षांना आपल्याच गोठ्यात काय उभं आहे ते माहीत नव्हतं!

आता अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प राहावं की नाही? सबनीसांनी वासरू जागेवर ठेवलं, भुसा झटकला आणि गंभीरपणे म्हणाले, "शेठजी, इसको मरे बहुत दिन हो गए. बाकी तबीयत अच्छी है!"

* * *

या भानगडींना कंटाळून डॉक्टरांनी एक शहाणपणाचा विचार केला. त्यांच्या आयुष्यातला बहुतेक एकच. म्हणाले, मी एकटा बोलतो म्हणून मार खातो. सगळ्या राज्याच्या डॉक्टरांनी एका सुरात सांगितलं, तर माझी बदली कोण करणार?

नव्या राज्यातल्या ढोर-डॉक्टरांची सभा उज्जैनलाच भरली. जबलपूरचे आले, रीव्याचे आले, भोपाळचे, ग्वाल्हेरचे. सबनीसांनी ठराव मांडला; होता हिंदीत, मी मराठीत सांगतो. ज्या जनावराचा आजार बरा होणार नाही आणि ज्याच्या वेदना थांबणार नाहीत, त्याला डॉक्टरने शांतपणे मरण द्यावं. मी मागे पाण्याच्या माठाजवळ उभा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकले!

मग जबलपूरवाले उठले. "'द्यावं' जरा कडक वाटतं. 'देता येईल' करा."

केलं.

रीव्यावाले म्हणाले, "'स्थानिक भावना पाहून' असं घाला."

घातलं.

भोपाळवाले म्हणाले, "'मरण' हा शब्द फार अशुभ आहे हो. 'आराम' लिहा."

लिहिला.

ग्वाल्हेरचे एक रिटायर व्हायला टेकलेले गृहस्थ होते. ते इतका वेळ झोपले होते. जागे होऊन म्हणाले, "त्यातून 'डॉक्टरने' काढा बुवा! उद्या आपल्यावरच यायचं."

तेही काढलं. मग जेवण झालं. श्रीखंड होतं. श्रीखंडानंतर जे उरलं होतं तेही लोकांना जास्त वाटायला लागलं. शेवटी एकमताने पास झालेला ठराव असा, की जनावरांविषयी सहानुभूती बाळगावी.

पुन्हा टाळ्या. सबनीस उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या घालणार. पण शांतपणे अध्यक्षांना विचारलं, "एक शंका आहे. ही सहानुभूती शिरेतून द्यायची, की तोंडावाटे?"

* * *

भोपाळहून एक बडे साहेब तपासणीला आले. शेठजींच्या सगळ्या तक्रारी गठ्ठा बांधून बरोबर. आणि बरोबर त्यांचा अल्सेशियन कुत्रा. नाही, अल्सेशियन नव्हता, कान पडलेला मोठा कुत्रा होता, जात मला आठवत नाही. साहेब आधी म्हणाले, तपासणी होत राहील, याचे कान जरा कापून टोकदार करून द्या.

सबनीस म्हणाले, "कानाला काय झालंय?"

"झालं काही नाही. कापले की रुबाब येतो."

मी डॉक्टरांच्या मागे उभा राहून त्यांचा कोट ओढत होतो. डॉक्टर, आज नको! वहिनींचं तोंड आठवा! मुलींची शाळा आठवा! पण सबनीसांचं लक्ष बड्या साहेबांच्या कानांकडे. आता देवाने साहेबांना जे कान दिले होते ते मी तरी आधी कोणा माणसाला पाहिले नव्हते. टोपी त्यांच्यावरच टेकलेली असायची.

सबनीस म्हणाले, "रुबाब कान कापून येत असता, तर साहेब, आपल्या खात्यात सुरुवात वरून करावी लागली असती."

बड्या साहेबांनी गठ्ठ्याची गाठ न सोडताच तो उचलला. दारात थांबून म्हणाले, "सबनीस, इसके बाद एक शिकायत और आई, तो सीधे बस्तर."

आणि शेठजींनी ते उंबऱ्याबाहेर उभं राहून ऐकलं. मुद्दाम आले होते ऐकायला!

* * *

देवास गेटला एक म्हातारा सांड होता. कोणीतरी देवाच्या नावाने सोडलेला. सगळे त्याला भोला म्हणत. भाजीवाल्यांच्या पाट्यांत तोंड घालायचा, सोटा मारला तरी हलायचा नाही, आणि मारणाराच नंतर त्याला हात जोडायचा. त्याला एका ट्रकने उडवलं. मागच्या मांडीचं हाड मोडून बाहेर आलं. बस स्टँडच्या भिंतीला लागून पडला, तो पडलाच.

डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, हे हाड जुळणार नाही. एवढ्या वजनाचं जनावर उठणार नाही. हे आता फक्त ओरडणार. "गणपत, पेटी आण."

मी पेटी आणेपर्यंत गर्दी जमलेली. हार आले, उदबत्त्या आल्या, वर मांडव बांधला, भजनी मंडळी बसली. आणि पुढे शेठ बाबूलालजी. मागून कोणीतरी ओरडलं, "सुई निकाली तो हाथ तोड़ देंगे!" शेठजी नुसते डॉक्टरांकडे पाहत राहिले. एक तक्रार. एवढीच हवी होती त्यांना.

सबनीस म्हणाले, "पेटी बंद कर."

मग शेठजींना हिंदीत शांतपणे सांगितलं, की ठीक आहे, मी हात लावत नाही. पण याची कूस सारखी बदलावी लागेल, नाहीतर खालचं अंग सडेल. कावळे हाकलावे लागतील. जखमेतले किडे रोज हाताने काढावे लागतील. मंडळाचे कोण कोण येणार?

भजन जोरात सुरू झालं.

किडे मीच काढायचो, माझं कामच ते. मंडळाचे लोक पहिल्या दिवशी पुष्कळ होते, मग कमी झाले, मग वास सुटला तेव्हा भजनही लांबच्या पिंपळाखाली गेलं. पण खोटं कशाला बोलू, शेठजी गेले नाहीत. दुकान मुलावर टाकून रोज येऊन बसायचे. उपरण्याने माश्या उडवायचे. भोला ओरडला की कानांवर हात ठेवायचे आणि पुन्हा काढायचे. सबनीसही रोज यायचे, पलीकडे उभे राहायचे. दोघं एकमेकांशी शब्द बोलत नसत. मला मधल्या मध्ये किडे!

एक दिवस दुपारी रस्ता रिकामा होता. ऊन असं, की कावळेसुद्धा भिंतीच्या सावलीला. भोला आता ओरडतही नव्हता, नुसता कण्हत होता. शेठजी जमिनीकडे बघत म्हणाले, "डाक्टर साब, इसके दर्द की कोई दवा नहीं है?"

"है."

शेठजींनी उपरण्याने एक माशी उडवली. मग म्हणाले, "मैं दवा की बात कर रहा हूँ."

"मैं भी दवा की ही बात कर रहा हूँ, शेठजी."

शेठजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग भोलाच्या कपाळावर हात ठेवला आणि मान हलवली.

मी पेटी उघडली. सवयीने शिंग धरलं. धरायची गरज नव्हती. डॉक्टरांनी मानेची शीर शोधली आणि औषध सावकाश दिलं. भोलाने एक लांब श्वास सोडला, गाडी सोडल्यावर बैल सोडतो तसा. आणि मग काही नाही.

शेठजी म्हणाले, "सो गया?"

"हाँ."

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून भोलाच्या तोंडावर घातलं आणि चालू लागले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, डॉक्टरने सांड मारला! पानवाला बोलला, टांगेवाले बोलले. रहमत मियाँ मला बाजूला घेऊन म्हणाला, "गनपत भिया, साहब का सामान स्टेशन मैं छोड़ूँगा. चाहे जितने फेरे हों." डॉक्टरांच्या घरी गेलो तर वहिनी ट्रंक काढून बसलेल्या. मोठी मुलगी विचारत होती, बस्तरला मराठी शाळा आहे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडत होतो, तर शेठजी दारात. एकटे. टोपी नाही, टांगा नाही, मागे मंडळ नाही. पायी आलेले.

आत येऊन म्हणाले, "डाक्टर साब, इसको ज़रा बाहर भेजिए."

सबनीस म्हणाले, "गणपत यहीं रहेगा. जो लिखकर लाए हैं, उसके सामने दीजिए."

शेठजींच्या हातात काहीच नव्हतं. ज्या बाकाला आम्ही शेळ्या बांधायचो त्यावर ते बसले. धोतराला लेंड्या लागल्या तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"पिताजी बरसों से खटिया पर हैं," ते म्हणाले. "लकवा है. पीठ सड़ गई है. करवट हम बदलते हैं, तो चिल्लाते हैं. नहीं बदलते, तो चिल्लाते हैं. बड़े डाक्टर आते हैं, ताकत की गोली लिखकर चले जाते हैं." मग म्हणाले, "कल जो दवा आपने दी थी..."

बाकाला बांधलेली दोरी ते बोटाला गुंडाळत राहिले.

सबनीसांनी तपकिरीची डबी हातात घेतली. उघडली नाही.

शेवटी हळू आवाजात म्हणाले, "शेठजी, मैं तो जानवरों का डाक्टर हूँ."

शेठजींनी मान वर केली.

"इसीलिए तो आपके पास आया हूँ."